प्लेटिओसॉरसला नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागतं का?

रानवाट
भाच्याच्या चित्रांच्या पुस्तकात प्लेटिओसॉरस हा डायनोसॉर चार पायांवर उभा राहून गवत खातोय आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'शाकाहारी'. मी त्याला म्हटलं, या तिन्ही गोष्टी मला खटकतात. बहीण म्हणाली, सात वर्षांच्या पोराला कशाला गोंधळात टाकतोस? पण मला हे महत्त्वाचं वाटतं, म्हणून इथे मांडतो.

गवताचं चटकन सांगून टाकतो. हा प्राणी सुमारे २१ कोटी वर्षांपूर्वी, ट्रायासिक काळाच्या उत्तरार्धात, आज जर्मनी आणि स्वित्झर्लंड आहे त्या भागात होता. तेव्हा गवत नव्हतंच. सूचिपर्णी झाडं, सायकस, नेचे असला पाला होता.

आता पाय. कोपर टेबलावर टेकवा, अंगठा वर ठेवा आणि मग तळवा टेबलाकडे फिरवा. कोपराखालच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्यावर आडवं जातं, म्हणून हे जमतं. प्लेटिओसॉरसला ते जमत नव्हतं. त्याचे तळवे एकमेकांसमोरच राहायचे, टाळी वाजवायच्या बेतात असल्यासारखे. २००७ मध्ये बॉनन आणि सेंटर या जीवाश्म-अभ्यासकांनी हाताच्या हाडांवरून हे मांडलं. पुढे २०१० मध्ये हाइनरिश मॅलिसन यांनी जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या सांगाड्याचं संगणकावर प्रतिरूप करून तेच दाखवलं. पाठ आडवी, शेपूट मागे ताठ आणि चाल मागच्या दोन पायांवर. हात मोकळे, अंगठ्याला मोठी नखी.

राहिला 'शाकाहारी' हा शब्द. दात पानाच्या आकाराचे, कडांना जाडसर दाते, बरेचसे इग्वाना या मोठ्या सरड्यासारखे. जीवाश्म-अभ्यासक पॉल बॅरेट यांनी २००० मध्ये याच साम्यावर बोट ठेवलं: असे दात असलेला प्राणी पाला खाताखाता किडा किंवा छोटा प्राणी मिळाला तर सोडत नाही. शिवाय याच वंशाच्या मुळाशी ब्राझीलमधला बुरिओलेस्टिस हा जुना डायनोसॉर आहे, आणि त्याचे दात तर मांस खाणाऱ्याचे. मग या प्राण्यावर कोरं 'शाकाहारी' का छापायचं?

कातळवाट
हातांचं पटलं, ते चित्र बदलायलाच हवं. खाण्याचं मात्र अजिबात पटलं नाही.

आमच्या गावाकडे गाई हाड चघळताना मी स्वतः पाहिल्यात. अंगात फॉस्फरस कमी पडला की त्या हाडं चघळतात, हे जनावरांचे डॉक्टरही सांगतात. म्हणून गाईला कुणी मिश्राहारी म्हणत नाही. प्राण्याचं शरीर कशासाठी घडलंय ते बघायचं. प्लेटिओसॉरसच्या जबड्याचा सांधा दातांच्या रांगेच्या खाली आहे. त्यामुळे तोंड मिटताना सगळे दात जवळजवळ एकाच वेळी एकमेकांवर येतात. पाला पकडून तोडायला ही सोय उत्तम. लांब मान, लहान डोकं आणि बरगड्यांचा मोठा पिंप. न चावता गिळलेला पाला तिथे बराच वेळ आंबत पडत असणार.

आणि इग्वानाचा दाखला तर तुमच्यावरच उलटतो. हिरवा इग्वाना जवळपास निव्वळ पाल्यावर जगतो. पाळणाऱ्यांना त्याला मांस देऊ नका, असं बजावून सांगतात.

सायली_वर्ग७
मी विज्ञान शिकवते. वर्गात 'शाकाहारी' आणि 'मांसाहारी' असे दोन रकाने असतात, तिसऱ्यात 'मिश्राहारी'. मुलं तिसऱ्या रकान्यात माणूस, अस्वल, कावळा लिहितात. तिथे प्लेटिओसॉरस लिहिला तर मुलांना वाटेल तो अस्वलासारखा हे खायचा आणि तेही खायचा. ती चूक जास्त मोठी होईल. त्यामुळे मी कातळवाट यांच्या बाजूने.

पण मला एक विचारायचंय. खाण्यावर एवढी चर्चा करताना वाढीचा विषय कुणीच कसा काढला नाही? सँडर आणि क्लाइन यांनी २००५ मध्ये याच्या हाडांतली वाढीची वर्तुळं तपासली, झाडाच्या खोडात मोजतो तशी. काही प्राणी बाराव्या वर्षी पूर्ण वाढलेले, तर एक सत्तावीस वर्षांचा होऊनही वाढतच होता. कुणी पाच मीटरच्या आतच थांबले, कुणी दहा मीटरपर्यंत गेले. एकाच जातीत! मला हे वाचून रात्री झोप लागली नाही. हे खाण्याच्या उपलब्धतेशी जोडलेलं असावं, असं मला वाटतं. चारा भरपूर असलेली वर्षं आणि कोरडी वर्षं.

रानवाट
सायलीताई, माझ्या मनातलं तुम्ही आधी लिहिलंत. ज्याची वाढ परिस्थितीप्रमाणे इतकी बदलते, तो प्राणी खाण्यात मात्र काटेकोर असेल का? पाला कमी पडलेल्या वर्षी नदीकाठी चिखलात दिसलेला छोटा जीव त्याने टाकला असेल?

इग्वानाबद्दल कातळवाट यांचं म्हणणं मान्य. हिरव्या इग्वानापुरतं ते खरं आहे, माझा दाखला तिथे तोकडा पडतो. बुरिओलेस्टिसचं उत्तर मात्र अजून मिळालं नाही.

कातळवाट
बुरिओलेस्टिस सुमारे दोन कोटी वर्षं आधीचा. पणजोबा काय खायचे त्यावरून पणतूचं ताट ठरत नाही. मधल्या काळातच तर या कुळाने मान लांबवली, पोट वाढवलं. ते कशासाठी?

गाळमाती
दोघांनीही प्लेटिओसॉरसच्या पिलांचा विचार केलेला नाही. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनला जीवाश्म-अभ्यासक फॉन ह्यूने यांनी १९२१ ते १९२३ मध्ये जे सांगाडे काढले, ते मोठ्या प्राण्यांचे. सँडर यांनी १९९२ मध्ये कारण सुचवलं: जड प्राणी चिखलात रुतले, हलके सुटले. काहींचे पाय चिखलात उभेच्या उभे सापडलेत आणि वरचं अंग मांसभक्षकांनी ओढून नेलेलं. म्हणजे आपण ज्या दातांवर आणि पोटांवर वाद घालतोय, ती मुख्यतः मोठ्यांची. पिलं हाती फार कमी लागलीत. स्वित्झर्लंडच्या फ्रिकमध्ये सापडलेलं 'फाबियान' नावाचं पिलू जेमतेम सव्वादोन मीटरचं. त्याच्या आणि चार टनांच्या बापाच्या तोंडी एकच घास जात असेल, असं मी तरी धरून चालणार नाही.

कातळवाट
हा मुद्दा वजनदार आहे. पिलांचं खाणं वेगळं असेल, हे मी नाकारत नाही. मोठ्यांसाठी मात्र 'शाकाहारी'च.

रानवाट
भाच्याने काल पुस्तकातल्या गवतावर कागद चिकटवून नेचे काढले. प्राण्याचे पुढचे पायही खोडले आणि दोन हात काढले, तळवे समोरासमोर. 'शाकाहारी' तसंच आहे. त्याच्या पुढे त्याने पेन्सिलीने लिहिलंय, 'पिलाचं माहीत नाही'.