सरबतातलं मीठ

लिंबू सरबतात साखर किती घालावी यावर बरंच बोलणं झालं, पण मीठ राहूनच गेलं. घामावाटे पाण्याबरोबर सोडियमही जातं, शिवाय मीठ-साखर एकत्र असली की आतड्यात पाणी चटकन शोषलं जातं. एरवी चिमूटभर मीठ पुरे. (रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

जुलाब लागले असतील तर मीठ-साखरेचं पाणी अंदाजपंचे करू नका, कृपा करून. १ लिटर स्वच्छ पाणी, ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, सपाट भरलेला, शीग नको. चाखून बघा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर सरळ ओतून द्या आणि नवीन करा. लहान मुलांना चमच्या-चमच्यानेच पाजा, एकदम पेलाभर दिलं की उलटतं.