मदत हवी आहे: १४२ सभासद, पण आकडे गोळा होतात फक्त दहांचे

मंडळी,
गावच्या दूध संकलन केंद्रासाठी एक साधं पान बनवतोय. प्रत्येक सभासदापुढे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) भरायचं, शेवटी ‘जमा करा’ दाबलं की सगळे आकडे एकत्र होऊन एकूण लिटर दिसायला हवेत. यादी फार लांबायला लागली म्हणून जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीचं डेटाटेबल्स नावाचं तक्त्यांसाठीचं प्लगइन लावलं. शोधपेटी, पानं, सगळं आयतं मिळालं. सचिव एकदम खूश.

आधी लिटरच्या रकान्यांवर सरळ ‘व्हॅल’ (रकान्यात भरलेलं वाचणारं फंक्शन) चालवलं, तर पहिल्याच सभासदाचा आकडा आला. मग प्रत्येक रकान्याचा आकडा घेण्यासाठी ‘मॅप’ लावून शेवटी ‘गेट’ केलं. आता अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांची यादी, मिळतो, पण त्यात दहाच आकडे. बाकीचे १३२ जण कुठे जातात? ब्राउझरच्या कन्सोलमध्ये एकही एरर नाही. दोन रात्री यातच गेल्या.

(‘जेक्वेरी सोडा, रिअ‍ॅक्ट शिका’ हा सल्ला मिळालेला आहे, आभारी आहे.)

प्रतिसाद १
इनपुटना नेम दिलंय का? नेम नसेल तर ‘सीरियलाइझ-अ‍ॅरे’ (फॉर्ममधलं सगळं एकदम गोळा करणारं फंक्शन) ते सोडून देतं. डिसेबल केलेले रकानेही येत नाहीत.

धागाकर्ता
नेम आहे. आणि मी सीरियलाइझ वापरतच नाहीये, क्लासवरून पकडतोय.

प्रतिसाद २
एक करून बघा. दुसऱ्या पानावर जा आणि तिथून बटण दाबा. ११ ते २० नंबरचे सभासद आले तर दुखणं कळलं.

डेटाटेबल्स एका पानावर मुळात दहाच ओळी दाखवतं, आणि बाकीच्या ओळी ते लपवत नाही, डॉममधून, म्हणजे ब्राउझरने उभारलेल्या पानाच्या रचनेतून, काढूनच ठेवतं. त्या त्याच्या स्वतःच्या पोतडीत असतात. तुमचा सिलेक्टर (क्लासवरून रकाने शोधणारा) पानावर शोधतो, पोतडीत नाही. म्हणून एररही येत नाही, त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच चाललंय.

तेव्हा शोध पानाला नको, टेबललाच सांगा. सुरुवातीला डेटाटेबल तयार करताना जे ऑब्जेक्ट परत मिळतं ते ‘तक्ता’ अशा व्हेरिएबलमध्ये ठेवा. मग जेक्वेरीच्या नुसत्या डॉलर चिन्हाऐवजी ‘तक्ता डॉट डॉलर’ लिहा, कंसात तोच जुना सिलेक्टर. पुढचं मॅप आणि गेट आहे तसंच राहू द्या. शोधपेटीत कुणाचं नाव टाइप केलेलं राहिलं असलं तरी सगळ्या ओळी येतील.

सर्व्हर-साइड प्रोसेसिंग (ओळी सर्व्हरकडून पानापानाने मागवणं) चालू असेल तर मात्र हे चालणार नाही. तिथे बाकीची पानं ब्राउझरकडे आलेलीच नसतात.

धागाकर्ता
दादा, आले! १४२ च्या १४२. सर्व्हर-साइड नाहीये, ओळी एचटीएमएलमध्येच आहेत.

पण आता बेरीज ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडा नाही’) दाखवतेय. मजकुराचा आकडा करायला पार्सफ्लोट लावलंय. काल दहा जणांची बेरीज व्यवस्थित यायची.

प्रतिसाद ३
रिकामे रकाने असतील. ज्यांनी आज दूध घातलं नाही त्यांचं पार्सफ्लोट नॅन देतं, आणि एक नॅन बेरजेत शिरला की अख्खी बेरीज गेली. पार्सफ्लोटपुढे ‘किंवा शून्य’ लावा, म्हणजे नॅनच्या जागी शून्य धरलं जाईल.

प्रतिसाद २
थांबा, ते आत्ताच लावू नका. आधी कुठले आकडे नॅन होतात ते छापून बघा. खरोखर भरलेला आकडा शून्य धरला गेला तर सभासद घरी येतील भांडायला.

धागाकर्ता
बघितलं. रिकामे नऊ आहेत, पण चार भरलेलेही नॅन होतायत. मोबाइलवरून मराठी कीबोर्डने कुणीतरी ‘४.५’ असं भरलंय. देवनागरी अंक!

प्रतिसाद २
मग तेच. जावास्क्रिप्टला आपले अंक आकडे म्हणून कळत नाहीत, त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. पार्स करण्याआधी ‘रिप्लेस’ने शून्य ते नऊ हे देवनागरी अंक शोधा आणि प्रत्येकाच्या कॅरेक्टर कोडमधून २४०६ वजा करा, इंग्रजी अंक मिळेल. रिकाम्यांसाठी ‘किंवा शून्य’ त्यानंतर लावा.

धागाकर्ता
बसलं. वहीतली बेरीज आणि पानावरची बेरीज जुळली, फरक अर्ध्या लिटरचा. तो वहीत चुकलाय असं सचिव म्हणतात.