वजन उतरलं आणि थंडी वाजायला लागली: तुमचा अनुभव काय?

पायमोजे

काल रात्री नवरा पंखा पाचवर ठेवून झोपला होता आणि शेजारी मी. अंगावर सोलापुरी चादर, तिच्यावर आईची गोधडी, पायात मोजे. महिना एप्रिल, गाव पुणे. ताप असेल म्हणून त्याने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. गेल्या आठ महिन्यांत मी ८१ वरून ६७ वर आलेय, एवढंच.

डिसेंबरात वाटलं होतं, यंदा गारठाच जास्त आहे. ऑफिसात "एसी अजून कमी करा हो" म्हणून भांडणारी मीच होते, आता खुर्चीच्या पाठीला माझी शाल असते. परवा भांडी घासताना गार पाण्याने बोटं इतकी आक्रसली की अंगठी सटकून सिंकच्या जाळीवर पडली. जाळी नसती तर गेलीच होती.

आईचं म्हणणं, "अंगात रक्त राहिलं नाही तुझ्या, भाकरी खा." मैत्रीण म्हणते, चरबी गेली की असं होणारच. ज्यांनी वजन उतरवलंय त्यांनी लिहा ना: थंडी कधी सुरू झाली, कशाने गेली, की गेलीच नाही? डाएट प्लॅन नकोत. ते माझ्याकडे चार आहेत.

डबलफास्ट

सेम. १९ किलो गेले. पूर्वी डब्याच्या दारात घाम पुसत उभा असायचो, आता एसी लोकलमध्ये डोंबिवली ते ठाणे दात वाजतात. मे महिन्यात मुंबईत विंडचीटर घातलेला माणूस दिसला तर तो मीच, हात करा.

आणि माकडहाड! कडक बाकावर पाच मिनिटं बसवत नाही. बूड गेलं की काय होतं ते आधी कुणी सांगत नाही.

द्राक्षबाग

आमच्या निफाडचा पारा पाच-सहावर आला की पेपरात फोटो येतात. त्या दिवसांत पहाटे बागेला पाणी सोडायचं आणि शेकोट्या पेटवायच्या, नाहीतर मण्यांना तडे जातात. १०४ किलोचा होतो तेव्हा हे सगळं मी बनियनवर करायचो. मग शुगर निघाली, खाणं कमी केलं, रोज चालायला लागलो, ८२ वर आलो. यंदा स्वेटर, कानटोपी, वरून घोंगडी, आणि तरी जाळापासून हलवेना. गडी म्हणतो, "भाऊ, शेकोटी मण्यांसाठी हाये, तुम्ही जरा सरका."

हसून झालं असेल तर एक ऐका. मला दुपारी बाराच्या सुमारास वेगळीच हुडहुडी भरायची. हात थरथर, अंगाला गार घाम, डोकं हलकं. तीही वजनाचीच थंडी म्हणून आठ दिवस काढले. एकदा सुनेने मशीनवर बोट टोचलं तर साखर ५८. वजन २२ किलो उतरलं होतं आणि गोळ्या जुन्याच मापाने चालू होत्या. डॉक्टरांनी एक बंद केली, एक अर्धी केली. ती हुडहुडी त्याच आठवड्यात गेली, पहाटेची मात्र आहे. शुगरची गोळी घेणाऱ्यांनी अशा वेळी आधी साखर तपासा, मग स्वेटर शोधा.

खडूफळा

जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे खोड जात नाही. पायमोजेताई, मैत्रीण बरोबर आहे, पण अर्धीच. कातडीखालची चरबी म्हणजे अंगात शिवलेली दुलई, ती पातळ झाली की ऊब निसटणारच. पण मुळात शेगडीच मंद झालेली असते, तिकडे कुणी बघत नाही. अंग लहान झालं म्हणजे त्याला चालवायला इंधन कमी लागतं, साहजिकच उष्णताही कमी निघते. त्यात आपण खाणं तोडलेलं. अन्न पचवतानाही उष्णता निघते, प्रथिनांची सगळ्यात जास्त: शंभर कॅलरींतल्या वीस ते तीस पचवण्यातच जातात. पिष्टमय पदार्थांच्या पाच ते दहा, तेलातुपाच्या जेमतेम तीन. नुसत्या काकडी-टोमॅटोवर राहिलं तर चुलीत घालायला काही उरतच नाही.

वर शरीर स्वतःच काटकसर करतं. उपासमार चाललीय असं वाटलं की थायरॉईडचं टी-३, म्हणजे शेगडीची आच ठरवणारं संप्रेरक, खाली आणतं. थायरॉईडसाठी नेहमी करतात त्या टीएसएच तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि माणूस तरी कुडकुडतो, त्यात याचाही हात असू शकतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४५ साली अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. वजन साधारण चौथाईने उतरलं, आणि ऐन उन्हाळ्यातसुद्धा थंडी वाजते म्हणून ही मुलं जादा कपडे घालायची.

डबलफास्ट

सर, म्हणजे मी मिनेसोटाला न जाता डोंबिवलीतच प्रयोग केला.

बर्फाचा ट्रे

माझं ऐकून हसाल. मला थंडी वाजायची आणि मी बर्फ खायचे. शाल पांघरून फ्रिजरमधला ट्रे काढायचा आणि कडाकडा चावायचा, दिवसाला दोन ट्रे. मुलगा म्हणायचा, आई, आवाज बंद कर. दहा किलो कमी झाले होते, केस मूठमूठ गळत होते, जिना चढताना धाप लागायची. सगळ्याला माझं एकच उत्तर, "डाएट आहे ना."

शेवटी दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, बर्फ का चावता? दाताचा टवका उडाला म्हणून गेले होते. त्यांनीच रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन ८.४. बायकांचं १२ च्या वर हवं. पाळीत वर्षभर जास्त जात होतं, वर मी दोन्ही वेळा सॅलडवर. लोह कमी झालं की काहींना बर्फाची अशी चटक लागते, हे तेव्हा कळलं. गोळ्या सुरू केल्या आणि जेवणावरचा चहा तोडला, कारण त्याने लोह अंगाला लागत नाही. चहा सोडणं गोळीपेक्षा कठीण गेलं. तीन आठवड्यांत बर्फ सुटला. चार महिन्यांनी ११.९ आलं आणि थंडीही गेली. गंमत म्हणजे या काळात वजन आणखी तीन किलो उतरलं, म्हणजे माझी थंडी वजनाची नव्हतीच.

आईचं ऐका हो ताई.

लाल माती

कोल्हापूर. तालमीत असताना ६१ च्या गटात खेळायला दहा दिवसांत पाच किलो उतरवलेलं. शेवटचे दोन दिवस पाणीसुद्धा घोटघोट. जून महिन्यात कांबळं पांघरून भिंतीला टेकून बसलो होतो, ओठ निळे. वस्ताद म्हणाले, "काट्यावर बसशील, पण हौद्यात उभा राहशील का?" नाही राहिलो. दुसऱ्या मिनिटाला चितपट.

कुस्ती सुटल्यावर पोट सुटलं ते वेगळं. आता पंचेचाळिशीत अकरा किलो उतरवलं, पण दीड वर्ष घेतलं. जोर-बैठका चालू, रोज अंडी, उसळ, दूध. थंडी बिलकूल नाही. आपलं मत: मांस राखा, घाई करू नका.

बर्फाचा ट्रे

पैलवान, तुमचं अंग आधीपासून कमावलेलं. आमच्यासारख्यांनी बैठका कधी काढल्यात?

लाल माती

मग खुर्चीवरनं उठा-बसा करा ताई. दहापासून सुरू.

उणे तीस

एडमंटनहून. पोटाची शस्त्रक्रिया करून ४६ किलो उतरवले. पूर्वी उणे पंधरात जॅकेटची चेन उघडी टाकून फिरायचे, इथले गोरे बघत राहायचे. ऑपरेशननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात घरात हीटर चालू असताना थर्मल, स्वेटर आणि विजेचं ब्लँकेट. वजन स्थिर होऊन दोन वर्षं झाली. थंडी निम्मी गेली, निम्मी राहिली. बी-१२ आणि लोह दर सहा महिन्यांनी तपासते, कारण ऑपरेशननंतर ते अंगी लागणं कमी होतं. ब्लँकेट टाकून दिलेलं नाही.

ओसरी

हा अनुभव माझा नाही, काकांचा. विषयाला धरून आहे का माहीत नाही, तरी लिहितो. काका दोन-तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. लग्नात जो तो म्हणाला, "वा, काय मेंटेन केलंय!" काकाही खूश. त्यांनी काहीही केलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास ओसरीवर बसले की शिरशिरी यायची, वाकळ घ्यायचे. रात्री मात्र बनियन घामाने पिळून काढावं लागे. खोकला होता, तो तंबाखूच्या नावावर खपला. थुंकी तपासली तर टीबी. सरकारी दवाखान्यातून सहा महिने फुकट औषध घेतलं, बरे झाले, वजनही भरलं. काकू आता त्यांना कुणी बारीक म्हटलं तरी चिडते.

पायमोजे

सगळ्यांचं वाचलं. बर्फाचा ट्रे, तुमचं वाचून दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं. हिमोग्लोबिन १०.६, थायरॉईड आणि साखर ठीक. म्हणजे आई जिंकली. फोन केला तर "मी काय सांगत होते" हे तीन वेळा ऐकलं. पण डॉक्टरीणबाईंनी दिवसभराचं खाणं लिहून काढायला लावलं तेव्हा अकराशे कॅलरीही भरेनात, म्हणजे सरांची मंद शेगडीही खरी. सोबत लोहाची गोळी. दुपारी एक भाकरी आणि वाटीभर उसळ वाढवलीय, रात्री कुळथाची पिठी. खुर्चीवरच्या उठा-बशा बारावर आल्यात, पैलवान.

तीन आठवडे झाले. काटा ६७ वरच अडून बसलाय. गोधडी गेली, चादर आहे, मोजे कधी असतात कधी नसतात. अंगठी लहान करायला घेऊन गेले होते, तर सोनार म्हणाला, "आधी तुम्ही कुठे थांबताय ते ठरवा, मग या." सध्या ती मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत आहे.