माणगावला बायपास झाला तर नाक्यावरच्यांनी काय करायचं?

गिरणगावकर, लालबाग
गणपतीला निघालेला प्रत्येक चाकरमानी माणगावात अडकला की बायपासच्या नावाने शंख करतो. मुंबई-गोवा महामार्गावरचे इंदापूर आणि माणगावचे बायपास वर्षानुवर्षं रखडलेत, हे खरंच आहे. पण ते झाल्यावर नाक्यावरच्या वडापाववाल्याचं काय? ज्याची जमीन रस्त्यात जाते त्याला मोबदला मिळतो. ज्याच्या दारातून रहदारीच उठून गेली त्याला दमडी नाही, कारण त्याची जागा कुणी घेतलेलीच नसते! आपले दोन तास वाचतात ते त्याच्या गल्ल्यातून. आधी त्याची सोय लावा, मग रस्ता सुरू करा.

माणगावची सून, डोंबिवली
दादा, तुम्ही तिथून वर्षातून दोनदा जाता. माझ्या सासऱ्यांना साधं औषध आणायचं तर कंटेनरच्या रांगेतून हात दाखवत रस्ता ओलांडावा लागतो. कोंडीत वैतागलेला माणूस फार तर पाण्याची बाटली घेतो. माणगावची बाजारपेठ आजूबाजूच्या गावांवर चालते. बियाणं, कापड, सोनार, तहसील कचेरी, कोर्ट. हे गिऱ्हाईक बायपासने कुठे पळणार आहे? उलट गाडी लावायला जागा नाही म्हणून सुट्ट्यांच्या दिवसांत तेच बाजारात यायचं टाळतं.

गिरणगावकर, लालबाग
माणगाव तालुक्याचं ठिकाण, ते तरेल. इंदापूरचं बोला.

वाडीकर, भांडुप
आमच्या सावंतवाडीत हे होऊन गेलंय. झाराप-पत्रादेवी रस्ता झाला आणि गोव्याच्या गाड्या मोती तलावाकाठून जायच्या बंद झाल्या. तलावाकाठी संध्याकाळी निवांत फिरता येतं, हा फायदा मान्य. पण लाकडी खेळणी काय रोजच्या बाजारहाटाची वस्तू आहे? जाता जाता थांबणारा पर्यटक, हेच त्याचं गिऱ्हाईक. आता वाट वाकडी करून येईल तोच. आणि मुंबईची खाजगी बस पहाटे बायपासलाच उतरवते, पुढे रिक्षावाला सांगेल ते भाडं.

हिशेबनीस, मुलुंड
सगळे बायपास एका मापाने मोजू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे 2002 साली पूर्ण झाला. त्याच्या कडेला कुणाला टपरी टाकता येत नाही, थांबायचं ते फूडमॉलमध्ये. खोपोलीकराला त्या गाड्यांचा उपयोग काय? लोणावळ्याची चिक्की टिकली, कारण लोक लोणावळ्यालाच जातात. 701 किलोमीटरच्या समृद्धीचंही तेच, ठरलेल्या ठिकाणीच चढा-उतरा. साध्या बायपासवर धंदा दोन किलोमीटर सरकतो, कुंपणवाल्या रस्त्यावर तो गावाच्या हातून जातो. कोकणातले बहुतेक पहिल्या जातीचे आहेत, उगाच घाबरवू नका.

गिरणगावकर, लालबाग
सरकतो, पण कुणाकडे? आखणी झाली की कडेची जमीन पैसेवाले घेऊन ठेवतात. रस्ता भरावावर. हॉटेल किंवा पंप काढायचा तर महामार्गावर ये-जा करायला परवानगी लागते. भाड्याच्या गाळ्यात चहा विकणाऱ्याने हे भांडवल आणायचं कुठून? वर्षभरात तो आपल्याच चाळीत, भावाच्या खोलीवर, वॉचमनची नोकरी शोधत येतो.

माणगावची सून, डोंबिवली
मग सर्व्हिस रोड मागा, तिथे बचत गटांना आणि जुन्या टपरीवाल्यांना गाळे मागा. मीही सही करते. पण बायपास रखडला म्हणून टपरी वाचते, हे कुठून काढलंत? बायपास नसेल तर गावातलाच रस्ता चौपदरी होतो आणि पहिली तुटते ती टपरीच. कणकवलीत महामार्ग शहरातूनच नेला ना? रुंदीकरणात रस्त्याकडेची बांधकामं गेली आणि वर उड्डाणपूल उभा राहिला. पुलावरून भरधाव जाणारी गाडी खालच्या कुठल्या दुकानात थांबते, ते सांगा.