एकाच मृत्यूची दोन सालं
मॅरेथॉनच्या लढाईचं साल तेव्हाचे ग्रीक ‘७२व्या ऑलिंपियाडचं (दोन ऑलिंपिक स्पर्धांमधल्या चार वर्षांच्या काळाचं) तिसरं वर्ष’ असं सांगत असणार, असा एक दावा वाचला; तो पटला नाही. ती मोजणी इतिहासकारांनी बरीच नंतर रूढ केली. अथेन्सकरांसाठी ते ‘फैनिप्पोस आर्खोन (वर्षभरासाठीचा मुख्य अधिकारी) असतानाचं’ वर्ष, बस्स.

वर्षांचा सलग आकडा राज्यकारभारात मुरला तो सेल्युकिडांकडे (अलेक्झांडरनंतर पश्चिम आशियावर राज्य करणारं ग्रीक घराणं), आणि तिथेही दोन मोजण्या! दरबार इ.स.पू. ३१२च्या शरदापासून मोजायचा, बाबिलोन ३११च्या वसंतापासून. या घराण्याचा राजा चौथा अँटायोकस इ.स.पू. १६४च्या अखेरीस गेला. बाबिलोनच्या मातीच्या पाटीवरच्या राजावलीत ही बातमी १४८व्या वर्षाच्या नवव्या महिन्यात, किस्लिमूत, पोचल्याची नोंद आहे. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात (ज्यूंच्या सेल्युकिडांविरुद्धच्या उठावाचा इतिहास) दरबारी मोजणीने साल आहे १४९. दोन्ही बरोबर. गुजरातचं कार्तिकी आणि उत्तरेचं चैत्री विक्रम संवत अजूनही वर्षातले काही महिने असंच एका आकड्याने वेगळं असतं.