कागदी नकाशे भरून घेणं बंद करा आता

खडूफळा: पोरीचा दहावीचा भूगोल घेतोय, भारत आणि ब्राझील. नकाशा म्हणजे काय तर चार मार्कांसाठी टिंबं पाठ करायची, चिल्का इथे, कोलकाता तिथे, सूची केली की संपलं. वर्गात स्मार्टबोर्ड आहे ना, मग गूगल अर्थ लावा आणि अ‍ॅमेझॉनचं खोरं फिरवून आणा की पोरांना!

भूगोलवाली_मॅडम: लावून बघा एकदा. पोरं पहिलं स्वतःच्या घराचं छप्पर शोधतात, मग शाळेचं, मग मामाच्या गावचं आणि घंटा होते. मी भिंतीवर प्राकृतिक नकाशा टांगते आणि एकच विचारते, गोदावरी त्र्यंबकला उगवते, अरबी समुद्र तिथून शंभर किलोमीटरच्या आत, मग बाई 1465 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला का जाते? दोन मिनिटं गोंधळ, मग कोणीतरी पुढे येऊन सह्याद्रीच्या तपकिरी पट्ट्यावर बोट ठेवतं, तिथून पूर्वेकडे रंग फिका होत जातो तसं बोट सरकवतं आणि उतार सापडतो. उपग्रहाच्या फोटोत सगळंच दिसतं, म्हणून काहीच दिसत नाही.

नेटवाला_सातारा: मॅडम, तुमच्यासारख्या किती? आमच्या वेळी नकाशाची गुंडाळी कायम कपाटावर, तपासणीला साहेब आले की खाली. आणि गूगल अर्थ तिरका करून बघा, सह्याद्रीचा कडा रंगीत पट्ट्यापेक्षा शंभरपट कळतो.

तिरकी_रेघ: कडा कळेल हो, पण मोबाईलवरच्या सपाट नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा दिसतो त्याचं काय? आफ्रिका त्याच्या जवळपास 14 पट आहे! प्रमाण न बघायची सवय लागली की कठीण. ब्राझील भारताच्या अडीचपट, पण दोन्ही पानभर छापले की पोरांना सारखेच वाटतात. आणि हे कागदावर पण होतं, तेव्हा कागदवाल्यांनी पण फार हसू नये.

झेडपी_गुरुजी: आम्ही ब्राझीलच्या आधी गाव घेतो. महाभूनकाशावर (सरकारची जमिनींच्या नकाशांची साइट) गावाचा नकाशा काढला, आपापला गट नंबर शोधा म्हणालो, वर्ग नुसता पेटला. दुसऱ्या दिवशी दोन पालक हजर, बांध कुणाच्या हद्दीत ते गुरुजींनी सांगावं म्हणून 😂 आता ओढे आणि रस्त्यांवरच थांबतो.

खडूफळा: गुरुजी भारी! पण पेपरात टिंबंच येणार ना शेवटी.

भूगोलवाली_मॅडम: मग पेपर बदला, नकाशा का काढताय? टोपोशीटचा, म्हणजे चढउतार आणि ओढे दाखवणाऱ्या सविस्तर नकाशाचा तुकडा द्या आणि विचारा बंधारा कुठे बांधाल.

नेटवाला_सातारा: आणि तपासणार कोण? दहा पोरं दहा ठिकाणी बांधणार.

भूगोलवाली_मॅडम: बांधू देत. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दोन्ही बाजूंनी ओढ्याला चिकटल्यात, वरच्या अंगाला लांब पसरल्यात, तिथे दाखवला तर मार्क. सपाट माळावर दाखवला तर शून्य. यात न तपासण्यासारखं काय आहे?