ल्युपसमधील एक्सोसोम आणि दाह: शुद्धतेबाबत मदत हवी आहे
ल्युपस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते असा आजार) असलेल्या रुग्णांच्या प्लाझ्मातून वेगळे केलेले एक्सोसोम (पेशींनी बाहेर टाकलेल्या सूक्ष्म पुटिका) निरोगी व्यक्तींच्या प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींमध्ये (इंटरफेरॉन बनवणाऱ्या प्रतिकारपेशींमध्ये) मिसळले की इंटरफेरॉन अल्फा हे दाहाशी संबंधित प्रथिन वाढते, आणि एक्सोसोममधील मायक्रोआरएनए (आरएनएचे छोटे रेणू) टीएलआर-७ या आरएनए ओळखणाऱ्या ग्राहीला चेतवतात, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. माझी शंका शुद्धतेची आहे. अल्ट्रासेंट्रिफ्यूजमध्ये (अतिवेगाने फिरवून घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) तळाशी बसणाऱ्या साक्यात ३० ते १५० नॅनोमीटरच्या या पुटिकांबरोबर प्रतिपिंडे आणि न्यूक्लिइक आम्ले यांची संकुलेही येतात, आणि तीही हाच मार्ग चेतवू शकतात. साइझ एक्स्क्लूजन क्रोमॅटोग्राफीनंतर (आकारानुसार कण वेगळे केल्यावर) नमुन्याचा एक भाग डिटर्जंटने फोडून आणि दुसरा तसाच ठेवून दोन्हींवर आरएनेजची (आरएनए तोडणाऱ्या विकराची) प्रक्रिया केली, तर परिणाम पुटिकांमधील आरएनएचा की संकुलांचा, हा भेद खात्रीने करता येईल का? उरलेला डिटर्जंट पेशींनाच मारतो, ही आणखी एक डोकेदुखी. असे प्रयोग केलेल्यांनी कोणते नियंत्रण नमुने ठेवले, ते कृपया कळवावे.